नदीतली हजेरी

ऑगस्ट सरत आला की इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या डॉर्सेट परगण्यात फ्रोम नावाच्या लहानशा नदीत माणसं उतरतात. अंगात छातीपर्यंत येणारे रबरी वेडर, हातात रबरी मोजे. एकाच्या हाती लांब दांड्याला लावलेलं धातूचं कडं, दोघा-तिघांकडे बारीक विणीची हातजाळी, मागून बादल्या घेऊन चालणारे. सप्टेंबर संपेपर्यंत त्यांचं काम एकच असतं. सॅमन माशाची बोटभर पिल्लं पकडायची, प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा आणि जिथून उचललं त्याच भागात परत सोडायचं. २००५ पासून दर वर्षी सुमारे १०,००० पिल्लांना असे क्रमांक मिळत आले आहेत.

यातली बरीचशी पिल्लं वसंतापर्यंत मरणार आहेत. उरलेली समुद्राकडे जातील आणि त्यांतली मूठभरच मोठी होऊन पुन्हा या नदीत येतील. पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. तरीही हे काम वर्षानुवर्षं चालतं, कारण किती मेली, कधी मेली आणि मुख्य म्हणजे कुठे मेली हे कळायला दुसरा मार्ग नाही. आणि ते कळल्याशिवाय सॅमन वाचवण्याच्या सगळ्या गप्पा अंदाजपंचे असतात.

खडूच्या खोऱ्यातली नदी

फ्रोम जेमतेम पन्नास किलोमीटर लांबीची. एव्हरशॉट गावाजवळ उगम पावते, डॉर्चेस्टर आणि वूल ही गावं मागे टाकत वेअरहॅमला पोचते आणि पूल हार्बरच्या विस्तीर्ण खाडीला मिळते. कादंबरीकार टॉमस हार्डीचा जन्म याच परिसरातला. त्याची नायिका टेस ज्या गवळीवाड्यात दूध काढायला राहते, तो त्याने याच खोऱ्यात कल्पिला आहे. आजही नदीच्या दोन्ही काठांना कुरणं आहेत आणि कुरणांत गाई आहेत.

या नदीचं वेगळेपण तिच्या तळाखालच्या खडकात आहे. डॉर्सेटच्या टेकड्या पांढऱ्या, मऊ चुनखडकाच्या, म्हणजे ज्याला आपण खडू म्हणतो त्या खडकाच्या आहेत. पडलेला पाऊस या खडकात मुरतो आणि सावकाश झऱ्यांवाटे नदीत येतो. त्यामुळे पाणी नितळ असतं, उन्हाळ्यात फार तापत नाही, थंडीत फार गारठत नाही. अशा नद्या जगात मोजक्या आणि त्यांतल्या बहुतेक इंग्लंडमध्येच. पाण्यात खाद्य भरपूर, त्यामुळे सॅमनची पिल्लं इथे झपाट्याने वाढतात. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या थंड नद्यांत पिल्लाला समुद्राकडे जाण्याजोगं व्हायला चार-पाच वर्षं लागू शकतात. फ्रोममधली बहुतेक पिल्लं वर्षभरातच तयार होतात.

वेअरहॅमच्या थोडं वर ईस्ट स्टोक हे गाव आहे. तिथे नदीच्या अभ्यासाचं केंद्र १९६० च्या दशकापासून आहे. समुद्रातून परतणाऱ्या मोठ्या सॅमनची गणना तिथे १९७३ साली सुरू झाली. मधल्या काळात केंद्र चालवणाऱ्या संस्था बदलल्या. २००९ पासून गेम अँड वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट ही संस्था हे काम सांभाळते. संस्था बदलल्या, माणसं निवृत्त झाली, मोजणी मात्र चालू राहिली. या लेखातली बहुधा सगळ्यात महत्त्वाची गोष्ट याच एका वाक्यात आहे.

गोड्या पाण्यातून खाऱ्यात आणि परत

मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकला जातो तो रावस. त्याचं कूळ निराळं आणि तो समुद्र-खाडीतला मासा. इथे बोलतो आहोत ते अटलांटिक सॅमनबद्दल. त्याचं आयुष्य दोन पाण्यांत वाटलेलं आहे.

ऐन हिवाळ्यात मादी नदीच्या वाहत्या, गोटेदार भागात येते, शेपटीच्या फटकाऱ्यांनी खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वरून गोटे लोटून ती झाकते. गोट्यांच्या फटींतून ताजं पाणी खेळत राहिलं तर अंडी जगतात. फटींत गाळ बसला तर ती गुदमरतात. वसंतात गोट्यांखालून पिल्लं वर येतात. उन्हाळाभर खाऊन ती बोटभर होतात. आपल्या मत्स्यशेतीत माशाच्या पिल्लांना वाढीप्रमाणे जिरे, बीज आणि बोटुकली म्हणतात. सप्टेंबरमध्ये फ्रोममध्ये पकडतात ती ही बोटुकली अवस्था, साधारण आठ ते दहा सेंटिमीटरची. अंगावर दोन्ही बाजूंना काळसर लंबगोल पट्टे, त्यांच्या मधल्या जागेत लाल ठिपके.

पुढच्या वसंतात या बोटुकलीचं रूपच पालटतं. पट्टे झाकले जातात, अंग चंदेरी होतं, शरीर लांबट होतं. कल्ले आणि मूत्रपिंडं खाऱ्या पाण्याला तोंड देण्यासाठी आतून बदलतात. या अवस्थेतल्या पिल्लाला स्मोल्ट म्हणतात. एप्रिल-मेच्या सुमारास स्मोल्ट प्रवाहाबरोबर खाडीकडे निघतात आणि जाता जाता आपल्या नदीच्या पाण्याचा वास स्मरणात साठवतात. पुढची एक किंवा दोन वर्षं, क्वचित अधिक, त्यांचा मुक्काम उत्तर अटलांटिकमध्ये. फेरो बेटांच्या आसपास, नॉर्वेच्या समुद्रात, काही तर थेट ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जातात. तिथे खाऊन कित्येक किलोंचे झाले की ते परत फिरतात आणि वासाच्या खुणेवर आपली नदी शोधून काढतात.

म्हणजे सॅमन कमी झाला तर त्याचं कारण डॉर्सेटच्या शेतातल्या गाळात असू शकतं, तसंच ते ग्रीनलंडजवळच्या समुद्रातही असू शकतं. दोष कुठे आहे हे ठरवायचं तर नदीच्या दाराशी, जाताना आणि येताना, दोन्ही वेळा मोजणी व्हायला हवी. मोजणी एकाच वेळी झाली तर हिशेबाची एकच बाजू हाती येते.

क्रमांक कसा देतात

कडं लावलेल्या दांड्यातून पाण्यात वीज सोडतात. एकाच दिशेने जाणारा, ठरावीक ठोक्यांचा हा प्रवाह असतो. आसपासचा मासा कड्याकडे ओढला जातो आणि क्षणभर बधिर होतो, तेवढ्यात हातजाळीवाला त्याला अलगद उचलून बादलीत टाकतो. आपल्याकडे नदीत तार टाकून मासे मारतात त्या विध्वंसक प्रकाराशी याची गल्लत करू नये. इथे दाब, ठोके आणि वेळ सगळं मोजून ठरवलेलं असतं, काम प्रशिक्षित माणसंच करतात, आणि मासा थोड्या वेळात शुद्धीवर येऊन पोहू लागतो.

पुढचं काम काठावरच्या टेबलाशी. भुलीचं औषध घातलेल्या पाण्यात पिल्लं ठेवतात. थोड्या वेळात ती कुशीवर कलतात. हाताळणाऱ्याने हात ओलेच ठेवायचे असतात, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तिथे बुरशी धरते. आधी हे सॅमनच आहे ना, याची खात्री. याच नदीत ट्राउटची पिल्लंही असतात आणि लहानपणी दोघं जुळ्यासारखी दिसतात. शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक छोटा मांसल पर असतो; ट्राउटचा तो पर नारिंगी झाक मारतो, सॅमनचा करडा असतो. सॅमनची शेपटी अधिक खोल दुभंगलेली, छातीचे पर मोठे. हे सगळं सरावलेली नजर एका दृष्टिक्षेपात टिपते.

मग मोजपट्टी. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये. एक जण आकडा उच्चारतो, दुसरा नोंदतो. वजन. बोथट पात्याने खरवडून घेतलेले दोन-चार खवले, कारण खवल्यावर वाढीची वर्तुळं उमटतात आणि त्यांवरून वय कळतं. तो मांसल पर कात्रीने छाटतात. त्याने पिल्लाचं काही अडत नाही, पुढे कुठेही सापडलं तर हे आपलं, खूण केलेलं पिल्लू आहे हे लांबूनही ओळखू येतं, आणि छाटलेला तुकडा जनुकीय तपासणीला उपयोगी पडतो. शेवटी पोटाच्या पोकळीत एक काचेची चिप बसवतात. लांबी १२ मिलिमीटर, आकार तांदळाच्या लांब दाण्याएवढा. तिच्यात बॅटरी नसते. वाचक-यंत्राजवळून गेली की यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला पुरेशी ऊर्जा मिळते आणि ती फक्त एक गोष्ट सांगते, आपला क्रमांक. बॅटरी नसल्यामुळे ती संपतही नाही. माशाबरोबर ती समुद्रात जाते आणि मासा परतला तर परत येते.

वाचक-यंत्र टीं करून वाजलं की क्रमांक नोंदला गेला. पिल्लू स्वच्छ पाण्याच्या टबात जातं, सावध झालं की नदीत. मग पुढचं. दिवसभर हेच. पाणी थंड, पाठ वाकलेली, आकडे चुकवून चालत नाही. पाणी फार तापलं तर माशांना त्रास होऊ नये म्हणून हात आवरते घ्यावे लागतात. मग नदीचा पुढचा टप्पा, पुढचा उपप्रवाह. खोऱ्यातला सगळा विस्तार थोडाथोडा करत पालथा घालायचा असतो, कारण सगळे क्रमांक एकाच सोयीच्या जागी वाटले तर आकडा मोठा दिसेल आणि नदीबद्दल काहीच कळणार नाही.

शरदातली वाट

ईस्ट स्टोकला नदीच्या पात्रात, या काठापासून त्या काठापर्यंत, अँटेना बसवलेल्या आहेत. चिपवाला मासा वरून गेला की क्रमांक, तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. रात्री, पुरात, बर्फ पडत असताना, माणूस काठावर नसतानाही.

स्मोल्ट वसंतात समुद्राकडे जातात ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ती खरीही आहे. पण फ्रोमच्या नोंदींत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पिल्लांचा एक मोठा गट खाली सरकत होता. अजून चंदेरी न झालेली, खाऱ्या पाण्याला अजून तयार नसलेली पिल्लं भरती-ओहोटीच्या भागापर्यंत जाऊन तिथे राहत होती. २००७ साली एड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शास्त्रीय नियतकालिकात मांडलं. ही पिल्लं वाहून गेली, वाया गेली, असं समजणं सोपं होतं. पुढे, अशा शरदात गेलेल्यांतले काही मासे मोठे होऊन परतल्याचीही नोंद झाली.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. केवळ वसंतातले स्मोल्ट मोजणारा माणूस नदीच्या उत्पन्नाचा एक हिस्सा हिशेबाबाहेरच ठेवत होता. शिवाय नदीच्या मुखाजवळचा भाग, जो सगळे ‘जाता-येताचा रस्ता’ समजत, तो काही पिल्लांचं हिवाळ्यातलं घर ठरला. तिथे भराव घालायचा किंवा सांडपाणी सोडायचं तर आता हे घर हिशेबात घ्यावं लागतं. प्रत्येक पिल्लाला स्वतंत्र क्रमांक नसता तर हे कधीच उमगलं नसतं.

वसंतातल्या रात्री

मार्चअखेरीस दुसरा हंगाम सुरू होतो. ईस्ट स्टोकला नदीतून एक फाटा निघतो, जुन्या पाणचक्कीचा. मुख्य पात्रात बुडबुड्यांचा आणि आवाजाचा एक पडदा उभा करतात. खाली निघालेले स्मोल्ट त्याला बिचकून फाट्यात वळतात. फाट्यात तरंगता सापळा असतो. तराफ्यावर आडवा बसवलेला मोठा शंकू, अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. प्रवाहाच्या जोराने तो सावकाश फिरत राहतो. त्याच्या आत पिळाचे पडदे असतात. आत शिरलेला मासा त्यांच्या फिरण्याने मागे ढकलला जातो आणि शेवटी पाण्याने भरलेल्या पेटीत येतो. तिथे तो इजा न होता थांबतो.

स्मोल्टचा प्रवास मुख्यतः अंधारात चालतो, म्हणून हे काम रात्रीचं. पेटी पुन्हा पुन्हा उपसावी लागते. पानं, काटक्या, शेवाळ काढावं लागतं, नाहीतर शंकू अडतो. प्रत्येक स्मोल्टचा मांसल पर शाबूत आहे की छाटलेला, हे आधी बघायचं. छाटलेला असेल तर क्रमांक वाचायचा, लांबी घ्यायची आणि लगेच सोडून द्यायचं. सप्टेंबरमध्ये नव्वद मिलिमीटरची असलेली बोटुकली हिवाळा काढून आली, एवढंच कळत नाही. तिने त्या हिवाळ्यात किती वाढ केली हेही कळतं.

इथला हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. समजा, शरदात १०,००० पिल्लांना चिप बसवली. वसंतात सापडलेल्या दर १०० स्मोल्टपैकी १० जणांकडे चिप निघाली. म्हणजे चिप बसवलेली पिल्लं एकूण पिल्लांच्या एक-दशांश होती आणि शरदात नदीत सुमारे एक लाख पिल्लं होती. अर्थात यात एक गोष्ट गृहीत आहे, की चिपवाली आणि बिनचिपेची पिल्लं सारखीच जगतात-मरतात. अँटेनासुद्धा वरून जाणारा प्रत्येक मासा टिपत नाही, काही निसटतात. सापळ्यात चिपवाले किती आले आणि त्यांतले किती अँटेनाने आधी टिपले होते, याची तुलना करून अँटेनाची नजर किती पक्की आहे हे ठरवता येतं. एका साधनाची चूक दुसऱ्याने तपासायची आणि दोघांच्या मेळातून आकडा काढायचा, अशी ही पद्धत आहे.

आकड्यांनी काय सांगितलं

ईस्ट स्टोकच्या बंधाऱ्यावरून वर चढणारे मोठे सॅमन १९७३ पासून मोजले जातात. बंधाऱ्याच्या उतारावर विद्युतपट्ट्या आहेत. माशाच्या अंगातून वीज नदीच्या पाण्यापेक्षा सहज जाते, त्यामुळे मासा पट्ट्यांवरून जाताना विजेला होणारा विरोध बदलतो. बदलाच्या क्रमावरून मासा चढतो आहे की उतरतो आहे हेही कळतं. या नोंदवहीत एक ठळक उतार आहे. १९८० च्या दशकात हजारोंनी येणारा सॅमन १९९० च्या सुमारास एकदम घटला आणि त्यानंतर पूर्वीच्या पातळीवर कधी गेला नाही.

हे फ्रोमपुरतं नव्हतं. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर तेच चाललं होतं. समुद्रातल्या सॅमनच्या मासेमारीला आळा घालण्यासाठी उत्तर अटलांटिक सॅमन संवर्धन संघटना १९८४ साली स्थापन झाली, समुद्रातली पकड बरीच कमी झाली, तरी मासे परतले नाहीत. जाळी आवरली तरी संख्या वाढत नाही म्हटल्यावर, मासे मरतात तरी कुठे, हा प्रश्न टोकदार झाला. त्याचं उत्तर देऊ शकतील अशा नद्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आयर्लंडमधली बरिशूल, उत्तर आयर्लंडमधली बुश, नॉर्वेतली इम्सा, फ्रान्समधली स्कॉर्फ, इंग्लंडमधली फ्रोम आणि अशाच आणखी काही, जिथे जाणारे स्मोल्ट आणि येणारे मासे दोन्ही मोजले जात होते. या नद्यांनी दाखवून दिलं की समुद्रात गेलेल्यांपैकी परतणाऱ्यांचं प्रमाण खूपच घसरलं आहे. आज अनेक नद्यांत समुद्राकडे गेलेल्या १०० स्मोल्टपैकी पाचही परतत नाहीत.

मग नदीत काम करून उपयोग काय, असा निराश सूर यावर लागू शकला असता. त्याला उत्तरही फ्रोमच्याच चिपांनी दिलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की जाताना लांबीला मोठा असलेला स्मोल्ट परत येण्याची शक्यता लहान स्मोल्टपेक्षा स्पष्टपणे जास्त असते. समुद्र आपल्या हातात नाही. स्मोल्ट किती धष्टपुष्ट होऊन समुद्रात जातो, हे मात्र नदीच्या पाण्यावर, खाद्यावर आणि आसऱ्यावर अवलंबून असतं, आणि नदी माणसाच्या हातात आहे. फ्रोमच्या पात्रात पांढऱ्या फुलांची एक पाणवनस्पती वाढते. शेतकरी आणि गळ टाकणारे पूर्वापार ती कापत आले. तिचे पुंजके जिथे दाट, तिथे सॅमनची पिल्लं अधिक, हेही मोजणीतूनच पुढे आलं. तेव्हा कापणी कधी आणि किती करायची, हा आता केवळ सोयीचा प्रश्न राहिला नाही.

हवामानाचा इशाराही असाच मिळाला. डिसेंबर २०१५ हा ब्रिटनच्या नोंदींतला सर्वांत उबदार डिसेंबर होता आणि त्या महिन्यात पाऊसही विक्रमी झाला. सॅमनच्या विणीचा हाच काळ. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समधल्या अनेक नद्यांत पिल्लांची संख्या धक्कादायक कमी भरली. उबदार पाणी विणीला बाधतं आणि पूर अंड्यांचे गोटे उलथून टाकतो, हा धडा एका हिवाळ्याने दिला. पण धडा वाचता आला तो आधीच्या वर्षांचे आकडे हाताशी होते म्हणूनच. एकट्या २०१६ ची मोजणी कोणाला काही सांगू शकली नसती.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन ‘धोक्यात’ या वर्गात टाकला. जगभरातली त्याची संख्या २००६ ते २०२० या काळात २३ टक्क्यांनी घटल्याचं त्या वेळी जाहीर झालं. असा निर्णय देण्यामागे अशाच नोंदवह्या असतात, थंड पाण्यात उभं राहून भरलेल्या.

लोणावळ्याहून कावेरीला

फ्रोमची गोष्ट मराठी वाचकाला दूरची वाटेल. तिचा एक धागा थेट आपल्या दारात येतो.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांवर लिहिलं, तेव्हा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या एका महसीर माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्याने केलं. त्याचं नाव त्याने ‘खुद्री’ असं ठेवलं. इंग्रज शिकारी महसीरला सॅमनच्या तोलाचा मासा मानत. धरणांनी आणि सांडपाण्याने हा मासा आपल्या नद्यांतून हटत गेला, तेव्हा १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवणला त्याची वीण घडवून आणायला सुरुवात केली. हे मोठंच काम होतं. तिथली पिल्लं देशभरच्या जलाशयांत आणि नद्यांत सोडली गेली, त्यांत कावेरीही आली.

कावेरीत मुळात एक निराळाच महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, प्रचंड वाढणारा. त्याचं काय झालं, हे शोधणाऱ्यांत पुन्हा एड्रियन पिंडर होते, फ्रोमच्या शरदातली वाट दाखवणारे. त्यांच्या हाताशी चिपा नव्हत्या. गळ टाकणाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळात गलिबोरे इथल्या तळावर भरलेल्या वह्या होत्या. त्या वह्या तपासल्यावर दिसलं की लोणावळ्याकडून आलेल्या जातीची पकड वाढत गेली आणि कावेरीचा मूळचा महसीर दिसेनासा होत गेला. त्या मूळच्या माशाची शास्त्रीय ओळख २०१८ साली पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो ‘अति संकटग्रस्त’ ठरला.

यात कोणाची नियत वाईट नव्हती. पिल्लं सोडली ती नदी पुन्हा भरावी म्हणूनच. सोडलेल्या पिल्लांच्या संख्येवर आपण यश मोजलं. पुढे नदीत काय घडलं याचा हिशेब बऱ्याच उशिरा आणि गळवाल्यांच्या वह्यांतून हाती लागला. आजही नदीत इतके लाख मत्स्यबीज सोडलं, अशी बातमी आली की आपण टाळ्या वाजवतो. त्यातलं किती वर्षभराने जिवंत होतं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. फ्रोम हा प्रश्न विचारायला शिकवते.

एक नदी, एक वही

पहिला पाऊस पडला की आपल्याकडे चढणीचे मासे निघतात. ओढ्यांतून, भातखाचरांतून, उलट्या धारेवर अंडी घालायला वर चढतात आणि गावंच्या गावं टोपल्या घेऊन त्यांच्यावर तुटून पडतात. पूर्वी कोणते मासे यायचे, किती यायचे, आता काय येतं, हे प्रत्येक गावातल्या म्हाताऱ्याला तोंडपाठ असतं. लिहिलेलं मात्र कुठेच नसतं. तो म्हातारा गेला की नदीचा तेवढा इतिहास त्याच्याबरोबर जातो.

सुरुवात करायला चिपांची आणि अँटेनांची गरज नाही. महाडजवळ काळ नदीवरचं वाळणकोंड किंवा वाड्याजवळ वैतरणेवरचं तिळसे, इथे महसीर देवाचे म्हणून राखले जातात. लोक त्यांना चुरमुरे घालतात आणि कोणी धरत नाही. मासे डोळ्यांसमोर असतात. त्यांची संख्या, अंदाजे लांबी, पाण्याची पातळी, तापमान हे ठरावीक दिवशी लिहिणं जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला अवघड नाही. कोळी-भोई समाजातल्या जुन्या जाणत्यांना सोबत घेतलं तर मासा ओळखण्यात चूकही होणार नाही. चढणीच्या मोसमात एकाच ओढ्याच्या एकाच जागी, दर वर्षी त्याच आठवड्यात, टोपल्यांत काय आलं याची नोंद एखादी शाळा ठेवू शकते. मोठी पकड, चिपा, विजेची साधनं ही मत्स्यविज्ञान संस्थांची कामं आहेत आणि त्यांच्याकडे ती मागायला हवीत. पण त्यांनाही एक दिवस जुना आकडा लागणार आहे आणि तो आज कोणीतरी लिहिलेला असावा लागेल.

या कामात प्रसिद्धी नाही. पहिली पाच वर्षं तर काही निष्कर्षही निघणार नाही आणि अनुदान देणारा विचारेल की इतकी वर्षं केलंत काय. फ्रोमवर संस्था बदलल्या तरी वही बंद पडली नाही, म्हणून आज सॅमनविषयी ठामपणे काही बोलता येतं. वाचकहो, तुमच्या गावाजवळून एखादी नदी किंवा ओढा नक्की जात असेल. त्याची एक जागा ठरवा, वर्षातला एक आठवडा ठरवा, काय दिसलं ते तारखेसह लिहा आणि पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात तिथेच परत जा. तुम्हाला जमेनासं होईल तेव्हा ती वही कोणाच्या हाती द्यायची, तेही आजच ठरवून ठेवा.